ओलं हाय अजून

भगवंतबापूंच्या घरी गेलेला माणूस कोराकरकरीत परत आला, असं आमच्या गल्लीत कधी घडलं नाही. कोपर, धोतराचा सोगा, टोपीची कड, कुठे ना कुठे रंग लागायचाच. समोरचे वकील एकदा कोर्टात उभे राहिले तर काळ्या कोटाच्या कोपरावर हिरवा पट्टा. न्यायाधीशांनी चष्मा सावरून म्हणे विचारलं, "वकीलसाहेब, आज बापूंकडून आलात वाटतं?" मुलगी पाहायला आलेले एक पाहुणे पत्ता विचारायला म्हणून बापूंच्या ओट्यावर टेकले आणि पांढऱ्या पायजम्यावर तांबडा सूर्योदय घेऊन मुलीच्या घरी गेले. ते लग्न जमलं. त्याचं सगळं श्रेय बापू स्वतःकडे घेत.

हे अकोल्याच्या जुन्या शहरातलं, साठ सालाच्या आगेमागे. मी अमरावती सोडून अकोल्याच्या एका शाळेत ड्रॉइंग मास्तर म्हणून लागलो होतो आणि मोर्णा नदीच्या अलीकडच्या एका गल्लीत बिऱ्हाड केलं होतं. आमची आणि बापूंची भिंत एक. बापूंनी सगळी हयात कापसाच्या जिनिंग कारखान्यात, कापूस पारखण्यात घालवली होती. निवृत्त झाल्यावर काय मनात आलं कुणास ठाऊक, ते तेलरंगात चित्रं काढायला लागले. शिकले कुणाकडे? कुणाकडेच नाही. विचारलं तर म्हणत, "पोहायले कोन शिकवते? ढकलून देते कोनी तरी." त्यांची बायको, आमच्या काकू, जाऊन बरीच वर्षं झाली होती, मुलगी लग्न होऊन पार जबलपूरकडे गेलेली. पण बापू एकटे आहेत असं आमच्यापैकी कुणाच्या मनातसुद्धा येत नसे, कारण ते एकटेच चार माणसांचं बोलत.

त्यांचं सामान पाहून मी कपाळावर हात मारायचो. कापसाच्या गाठींना गुंडाळतात ते बारदान चौकटीवर ठोकायचं, त्याला सरस आणि खडूची भुकटी फासायची, झाला कॅनव्हास. गेरू, तांबूस हिरमिजी, पिवळी पिवडी, नीळ, सफेदा आणि दिव्याची काजळी हे रंग. आणि तेल कुठलं, तर तेल्याच्या घाण्यावरचं जवसाचं. त्याच जवसाची चटणी खायची आणि त्याच्याच तेलात मोर्णा नदी रंगवायची, यात बापूंना काही वावगं वाटत नसे. ब्रश त्यांच्याकडे होते, पण ते बहुतेक चहा ढवळायला वापरले जात. चित्र काढायचं ते बोटांनी, फडक्याने, दात पडलेल्या कंगव्याने आणि काकूंच्या सराट्याने. हो, भाकरी उलथायच्या सराट्याने. आभाळ असं एका फटक्यात थापायचे की शेजारी माझ्या घरात भिंत वाजायची.

कापसाच्या दिवसांत अकोल्याच्या हवेत रुईचे तंतू उडत असतात. ते येऊन बापूंच्या ओल्या चित्रावर बसत. मी म्हणालो, "बापू, निदान चित्रावर एक धोतर तरी टाकत जा. सगळी रुई चिकटते."

"चिकटू द्या ना. अकोल्याचं चित्र हाय मास्तर, अकोल्याची हवा त्याले नाई लागन तं का लंडनची लागन?"

एकदा त्यांनी मोर्णेचं मोठं चित्र ओसरीवर आडवं वाळत घातलं होतं. रात्रीतून मांजर त्यावरून चालत गेलं. सकाळी या काठापासून त्या काठापर्यंत मांजराची पावलं. मी हळहळलो. बापू मात्र चित्राभोवती आनंदाने फेऱ्या मारत होते. "पाह्य ना, कशी डौलात उतरून गेली. नदीले काय झालं? नदीतून जनावर जाते का नाई?" त्या चित्राला ते पुढे 'मांजरीची मोर्णा' म्हणायचे. 'आलं ते आलं, राहू द्या' हे त्यांचं ब्रीदवाक्य. ते चित्रालाही लागू होतं, न सांगता आलेल्या पाहुण्यालाही आणि भाजीत जास्त पडलेल्या मिठालाही.

आता माझं सांगतो. पोरं मला पाठीमागे 'फूटपट्टी' म्हणत, आणि खरं सांगायचं तर ते मला आवडायचं. मी पेन्सिलला असं टोक काढी की त्याने काटा काढावा. घागर काढली की तिच्या दोन्ही बाजू मापून बघायच्या, आंबा काढला की त्याचा मध्य शोधायचा. माझ्या सदऱ्यावर आयुष्यात कधी शाईचा डाग पडला नव्हता. असा माणूस आणि बापू यांच्यामध्ये फक्त एक वीत जाडीची भिंत असावी, हा देवाचा विनोद होता.

त्या वर्षी माझा जीव एका चित्रात अडकला होता. माझी माय तिवश्याला दादाकडे असायची. आम्ही माळी. भाजी आणि फुलं हेच आमचं पिढ्यान्‌पिढ्यांचं. झेंडू, शेवंती, वांगी, मेथी या सगळ्यांतून मायने आम्हाला वाढवलं, शिकवलं. अलीकडे तिचे गुडघे गेले होते, मळ्यात जाणं थांबलं होतं. आणि आता डोळे. अमरावतीच्या डॉक्टरांनी काचबिंदू सांगितला. गेलेली नजर परत येणार नाही, राहिलेली हळूहळू जाईल, असं ते म्हणाले. दवाखान्यातून बाहेर येताना माय माझा हात धरून म्हणाली, "तू इतक्यायले चित्रं काढून देतं बाबू, मले आपला मळा काढून दे. दिसते तवरोक पाहून घेतो."

मी लगेच कामाला लागलो. लागलो म्हणजे मोजायला लागलो. कागदावर चौकोन पाडले. वाफे किती, सऱ्यांमधलं अंतर किती, विहीर बांधापासून किती लांब, हे दादाला विचारून घेतलं. झेंडूच्या प्रत्येक फुलाला पाकळ्या काढायला घेतल्या. एक कोपरा मनासारखा व्हायचा, तोवर दुसरा नजरेला खुपायला लागायचा. खोडायचं, पुन्हा काढायचं. पावसाळा गेला, दिवाळी गेली, रंगाचं बोट काही कागदाला लागलं नाही. तिकडे मायची नजर रोज थोडी थोडी जात होती आणि इकडे मी रबर झिजवत होतो.

एके दिवशी बापू आगपेटी मागायला आले. टेबलावरचा कागद बघून म्हणाले, "हे काय हाय? तहसीलचा नकाशा?"

"आमचा मळा आहे, बापू."

"असं व्हय! मले वाटलं, कोनाच्या तरी वाटण्या होऊन राहिल्या." मग कागदावर वाकून बराच वेळ बघत राहिले. "मास्तर, याच्यात पानी कुठी हाय? वास कुठी हाय? ह्या झेंडूले तं तुमी पाढे म्हनायले उभं केलं. इतवारी या माह्याकडे."

मायचं मी त्यांना काही सांगितलं नाही. नुसतं एक चित्र अडलं आहे, एवढंच त्यांना ठाऊक.

रविवारी गेलो. जाताना सोबत पट्टी, पेन्सिल, रबर आणि अंगात घालायला जुना सदरा नेला. बापूंनी चौकटीवर बारदान ताणून ठेवलंच होतं. त्यांनी माझ्या हातातली पट्टी घेतली, कौतुकाने न्याहाळली आणि तिने हिरव्या रंगाचं डबडं खसाखसा ढवळलं. "चांगली हाय," म्हणाले, "मजबूत हाय." शिसवी लाकडाची ती पट्टी होती! मी 'अहो अहो' म्हणेपर्यंत त्यांनी तिच्यानेच बारदानावर हिरव्याचा एक फराटा मारला आणि पट्टी माझ्या हातात दिली. "हं. सुरू करा."

मी घाबरत घाबरत पिवडी उचलली. बोटांतून निसटून एक भलामोठा गोळा थाडकन नको तिथे, म्हणजे पाटाचं पाणी यायचं होतं तिथे पडला. मी फडकं घेऊन पुसायला धावलो, तर बापूंनी माझं मनगट धरलं.

"काहून पुसून राहिले?"

"चुकून पाटात पडलं, बापू."

"मंग? तुमच्या मळ्यात झेंडू पाटात पडत नाई का कधी?"

मी थांबलो. पडायचा की! माय पहाटे फुलं तोडायची तेव्हा टोपलीतून झेंडू निसटायचे आणि पाटातून वाहत वाहत खाली वांग्यांच्या वाफ्यापर्यंत यायचे. आम्ही भावंडं ते धरायला पाण्यात उतरायचो. हे सगळं मी साफ विसरून गेलो होतो. इतके महिने मी विहिरीपासून बांधाचं अंतर मोजत होतो आणि वाहणारा झेंडू माझ्या हिशेबात नव्हता.

त्यानंतर मला काय झालं ते मला नीट सांगता येणार नाही. मी बोटांनी झेंडू थापले. कंगव्याने सऱ्या ओढल्या, त्या वाकड्या गेल्या, आणि बघतो तर आमच्या सऱ्या होत्याच तशा वाकड्या. दादा लहानपणी वखर वाकडाच धरायचा. सराट्याने विहिरीची दगडी कड उभी केली. निळीत गेरू मिसळला गेला आणि संध्याकाळच्या आधीचं ते मळकट आभाळ आपसूक तयार झालं. बापू मागे उभे राहून "हाव हाव, जाऊ द्या, अजून जाऊ द्या," असं बैलांना म्हणावं तसं म्हणत होते. दुपार उलटली तेव्हा मळा झाला होता. मी जमिनीवर बसून त्याच्याकडे बघितलं आणि मला रडू आलं. इतकी वर्षं चित्रकला शिकवली, पण चित्र काढताना सुख होतं हे मला त्या दिवशी कळलं.

घरी गेलो तर दार उघडून सुमन, माझी बायको, बघतच राहिली. "बाप्पा! तुमीच हाय का हे?" एवढंच म्हणाली आणि हसू दाबायला पदर तोंडात धरला. माझ्या कानातसुद्धा हिरवा रंग होता.

आता फक्त चित्र वाळायचं होतं. पुढच्या रविवारी मी ते न्यायला गेलो. बापूंनी बोट लावून पाहिलं आणि मान हलवली. "ओलं हाय अजून. कच्च्या घाणीचं तेल हाय मास्तर, टाइम लागते. बसा, उकरपेंडी केली हाय." त्याच्या पुढच्या रविवारी तेच. ओसरीवर मी एकटाच नव्हतो. बापू चित्रं फुकट देत, ज्याला जे हवं ते काढून देत, आणि त्या प्रत्येकाचं चित्र ओलं होतं. कुणी शिंपी आपल्या बैलाचं चित्र न्यायला आलेला, दवाखान्यातला कंपाउंडर बायकोने मागितलेल्या कमळांसाठी आलेला, वकील मांजरीच्या मोर्णेवर हक्क सांगायला आलेले. सगळे कणकेची उकरपेंडी खात, चहा पीत, बापूंच्या गोष्टी ऐकून पोट धरून हसत आणि पुढच्या रविवारचा वायदा घेऊन, अंगाला थोडाफार रंग लावून, घरी जात.

मीही हसत होतो, पण आतून पोखरलो जात होतो. तिवश्याहून कापसाचा ट्रक घेऊन आलेल्या एका ड्रायव्हरने दादाचा निरोप सांगितला. मायला आता दाराची चौकट दिसत नाही, कपाळाला टेंगूळ आलं आहे, आणि ती रोज विचारते, "बाबूचं चित्र आलं का?" तो निरोप ऐकला आणि मला रविवारपर्यंत धीर धरवेना. शनिवारी शाळा सुटल्यावर तडक बापूंच्या दारात गेलो. दार नुसतं लोटलेलं होतं.

आत बापू माझ्याकडे पाठ करून उभे होते. हातात जवसाच्या तेलात भिजवलेलं फडकं. भिंतीला ओळीने लावलेल्या चित्रांवरून ते फडकं हळूहळू फिरवत होते, लेकराला तेल चोळावं तसं. बैलावरून फिरवलं, कमळांवरून फिरवलं, आणि मग माझ्या मळ्याकडे वळले.

"बापू!"

ते दचकले. फडकं पाठीमागे लपवायला गेले आणि तेलाचा डाग त्यांच्याच बंडीवर पडला. मला असा संताप आला की मी काय काय बोललो ते सगळं आता आठवत नाही. लोकांना खेळवता, म्हणालो. खोटं बोलता, म्हणालो. बापू खाली मान घालून ऐकत राहिले. मग चार माणसांचं बोलणारा तो माणूस अगदी हलक्या आवाजात म्हणाला, "वाळलं की तुमी लोकं नेता, मास्तर. नेलं की मंग इतवारी कोन येते?"

माझा राग तिथेच लुळा पडला. पण मायचं तोंड डोळ्यांपुढे होतं. मी सगळं सांगितलं. मायची नजर, डॉक्टरचं बोलणं, ड्रायव्हरने आणलेला निरोप. बापूंनी हातातलं फडकं खाली टाकलं.

"हे पहिले काहून नाई सांगतलं?"

"चित्र वाळण्यासाठी कारण सांगावं लागतं, हे मला काय माहीत?"

त्यांनी मळ्याचं चित्र उचलून दाराशी ठेवलं. म्हणाले, "उद्या पहिल्या मोटारनं जाऊ. मी येतो."

"ओलं आहे ते, बापू. तुम्हीच तर रोज..."

"असू द्या ओलं. तुमच्या मायचे डोळे का वाळायाची वाट पाहून राहिले?"

दुसरा दिवस रविवार. बापूंचा रविवार. निघताना त्यांनी ओसरीचं दार सताड उघडं ठेवलं, उकरपेंडीचं पातेलं झाकून चुलीशेजारी ठेवलं आणि सुमनला सांगितलं, "सूनबाई, लोकं येतीन तं खाऊ घालजो."

एस.टी.च्या त्या प्रवासाचं वर्णन मी काय करू? ओलं चित्र, त्याच्या दोन बाजूंना आम्ही दोघं, आणि गाडीत मुंगी शिरायला जागा नाही. मूर्तिजापूर येईतो एका म्हाताऱ्याच्या धोतराला आमचं आभाळ लागलं होतं. त्याने जो आरडाओरडा केला, त्याला बापूंनी शांतपणे उत्तर दिलं, "बुवा, तुमचं धोतर तं धुऊन काढता येईन. माह्या आभाळाचा तुकडा तुमी घेऊन चालले, त्याचं काय?" म्हातारा आधी गांगरला आणि मग सरकून त्याने बापूंना बसायला जागा दिली. कंडक्टरचा अंगठा बांधावर उमटला. कुणाच्या गाठोड्यातले तीळ विहिरीत पडले. बडनेऱ्याला खिडकीतून फुफाटा आला तो मेथीवर बसला. अमरावतीला गाडी बदलली तेव्हा चौकटीचा एक कोपरा दबला. आणि फूटपट्टी म्हणून ख्याती असलेला मी, खिशात स्वच्छ रुमाल असताना, ते सगळं बघत स्वस्थ बसलो होतो.

दुपारी तिवश्याला पोचलो. माय ओसरीवर बसली होती. बापूंनी तिला वाकून रामराम केला आणि चित्र उचलून तिच्या पुढ्यात, भर उन्हात धरलं. मायने मान तिरपी केली. पुढे सरकली. आणखी पुढे, अगदी नाक लागेल इतकी. माझ्या कागदावरच्या त्या बारीक पाकळ्या तिला काय दिसल्या असत्या? काहीच नाही.

"पिवळं हाय," ती म्हणाली. "झेंडू हाय हा."

मग तिचा हात पुढे आला. "माय, ओलं आहे," मी म्हणणार होतो, पण बापूंनी डोळ्यांनीच मला दटावलं. तिची बोटं थापलेल्या रंगावरून फिरायला लागली. जिथे रंग जाड होता तिथे थांबायची, चाचपायची, पुढे जायची. "ही सरी. वाकडी हाय, तुह्या दादाची. ही विहीर. हे, हे पाटात काय हाय रे? झेंडू? अगं माय, वाहून चालला वाटते!" आणि ती हसली. मग तिचा हात बांधाजवळ अडखळला. "बाबू, इथं कडुलिंब होता. तो काहून नाई काढला?"

मी विसरलो होतो. ज्या लिंबाच्या सावलीत तिने मला झोपवून फुलं तोडली, तो लिंब मी विसरलो होतो. मी काही म्हणायच्या आत मायने मेथीतला हिरवा रंग बोटावर घेतला आणि बांधावर उभा ओढला. मग वर चार बोटांनी दाबून दाबून पानं काढली. आयुष्यात पहिल्यांदा चित्र काढत होती, पण एकदाही थांबली नाही. झाल्यावर म्हणाली, "आता बरोबर हाय."

बापूंच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ते पुसायचं त्यांच्या ध्यानातही नव्हतं. वहिनीने खोबरेल आणून दिलं. बापूंनी स्वतः जमिनीवर बसून मायची रंगाने भरलेली बोटं एकेक करून साफ केली.

"भाऊ, तुमच्या घरी कोन कोन हाय?" मायने विचारलं.

मला वाटलं, आता एखादा विनोदाचा फटाका फुटणार. बापू म्हणाले, "कोनी नाई, बाई. एकलाच हावो."

"मंग जायाची घाई काय हाय?" माय म्हणाली, आणि वहिनीला हाक मारून रात्रीच्या भाकरीत त्यांची भाकर धरायला सांगितलं.

माझ्या आयुष्यात मला पुष्कळ गुरू मिळाले. रेषा सरळ कशी काढावी हे सगळ्यांनी शिकवलं, आणि त्यांचंही माझ्यावर ऋण आहे. पण हातून निसटलेल्या रंगाचा हात धरून पुढे जायला भगवंतबापूंनी शिकवलं, आणि त्यामुळे माझ्या मायला तिचा मळा वेळेवर दिसला. याबद्दल त्यांचे आभार मानायला मी गेलो की ते विषय बदलत. म्हणून इथे मानतो.

मला सोमवारी शाळा होती, मी पहाटेच्या गाडीने परतलो. बापू राहिले. तिथून पुढे ते वरचेवर तिवश्याला जात आणि आठवडा आठवडा राहत. एकदा सुट्टीत मीही गेलो होतो. तोवर मायची नजर पुरती गेली होती. संध्याकाळचा मी अंगणात शिरलो तर ओसरीवर दोघं बसलेली. मी आल्याची चाहूल त्यांना लागली नाही.

"आज आभाळ कसं हाय, भाऊ?" माय विचारत होती.

बापूंनी वर बघितलं, डोळे बारीक केले आणि सांगायला लागले, "खाले पिवडी हाय, बाई. तिच्या वरते थोडी हिरमिजी. मंग नीळ. अन मधात पांढरं पसरलं हाय जरासं, कोनाचा तरी हात लागला वाटते."

माय तोंड वर करून, हसत, त्या आभाळाकडे बघत होती.